दोराच्या शेवटाला

वालावलकर सरांच्या शोकसभेत पहिल्याच वक्त्याने त्यांना "शांत, संयमी आणि मृदुभाषी" म्हटलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शाळेच्या हॉलमध्ये खुर्चीवर सरांचा फोटो ठेवला होता, त्याला झेंडूचा हार घातला होता आणि त्या फोटोतसुद्धा सर कुणावर तरी चिडलेले दिसत होते. दुसरा वक्ता उठला, त्यानंही "शांत" म्हटलं. तिसऱ्यानं "ऋषितुल्य" म्हटलं, तेव्हा मी उठून घरी आले. माणूस गेला की आधी त्याचा राग काढून घ्यायचा आणि मग हार घालायचा, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. सरांकडून राग काढून घेतला तर उरतं काय? एक इस्त्रीचा खाकी गणवेश, एक शिटी आणि मसुरे या त्यांच्या गावच्या घरातलं पुस्तकांचं कपाट. तेवढ्यावर माणूस ओळखता येत नाही.

मी त्यांच्या शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचे. दोन वर्गांमधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे सरांचा भूगोल मलाही रोज शिकावा लागला. आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण शाळेतला नकाशा जुना होता. त्यात सगळं रत्नागिरीच. सरांनी सरकारकडे नवा नकाशा मागितला, आला नाही, पुन्हा मागितला, आला नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी लाल पेन्सिलीनं स्वतःच जिल्ह्याची हद्द ओढली, आणि ती इतक्या त्वेषानं ओढली की फोंडाघाटाजवळ नकाशा फाटला. त्या भोकाकडे बोट दाखवून ते पुढं वर्षानुवर्षं शिकवत राहिले, "इथून घाट चढला की कोल्हापूर."

त्यांच्या रागाला दोन भाषा होत्या. प्रमाण मराठीत ओरडत असले तर मुलं निर्धास्त असत, ते रोजचंच होतं. पण आवाज खाली येऊन मालवणी सुरू झाली की पाठच्या बाकावरची मुलंसुद्धा ताठ बसत. "इकडे ये" म्हणाले तर जायचं. "हंय ये रे" म्हणाले तर आईची आठवण काढून जायचं.

भूगोलाखेरीज ते शाळेतली एन.सी.सी. बघत. त्यासाठी त्यांना थर्ड ऑफिसर असा हुद्दा होता. तेही एक प्रकारचं कमिशनच, असं ते म्हणत, आणि म्हटल्यावर स्वतःच कडवट हसत. कारण खरं कमिशन, फौजेतल्या अधिकाऱ्याचं, त्यांना हवं होतं आणि मिळालं नव्हतं. तरुणपणी ते दोनदा निवडीच्या बोर्डासमोर जाऊन आले होते. तिथं उमेदवारांच्या छातीवर नंबर बांधतात, काही दिवस पारखतात आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून निवडलेल्यांचे नंबर पुकारतात. सरांचा नंबर दोन्ही वेळा पुकारला गेला नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मीच त्यांना नापास केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

आमच्या किनाऱ्यावर कमिशन या शब्दाला एकच अर्थ होता. मासळीचा लिलाव झाला की दलाल कापून घेतो ते. सर थर्ड ऑफिसर झाले तेव्हा बाजारात त्यांना कुणीतरी विचारलं होतं, "मास्तरानू, कमिशन गावलां म्हणतत. किती टक्के?" विचारणाऱ्याशी सर मरेपर्यंत बोलले नाहीत. तो माणूस शोकसभेत चौथा वक्ता होता, असं मला नंतर कळलं.

परेडमध्ये सरांचा एकच मंत्र होता, "तोंड बंद!" रांगेत खोकायचं नाही, हसायचं नाही, डास चावला तर चावू द्यायचा. एका सकाळी मैदानाच्या कडेच्या चिऱ्यांच्या गडग्यातून, म्हणजे दगडी बांधातून, एक विषारी फुरसं बाहेर आलं. सर मुलांकडे तोंड करून उभे होते. ते त्यांच्या बुटामागून सावकाश गेलं, थोडं थांबलं, पुन्हा गेलं. पहिल्या रांगेतल्या जयवंत खवणेकरनं ते सगळं पाहिलं आणि हूं की चूं केलं नाही. परेड सुटल्यावर त्यानं सांगितलं, "सर, मगाशी तुमच्या पायाकडसून फुरसां गेलां." सर पांढरे पडले. मग त्यांनी त्याची पाठ थोपटली. त्या दिवसापासून हा किस्सा त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितला, तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितला, मसुऱ्याच्या भजनी मंडळाला सांगितला. "शिस्त म्हणजे काय? मास्तर मेला तरी चालेल, रांग मोडता नये!" ऐकणारे हसत. सर हसत नसत. त्यांना मुलगा सापडला होता.

जयवंतच्या घरची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात पसरून यायचं, त्याचे दोन्ही दोर वाळूत आणायचे आणि दोन रांगांनी माणसं ते ओढत राहायची. त्याचा बाप लहानपणीच गेलेला, आई सुलोचना बाजारात मासे विकायची, आणि घराचा कर्ता म्हणजे त्याचा आजा, सगळा वाडा ज्यांना आबा म्हणे. सरांनी त्या घरी जाऊन सांगितलं की पोराला लष्करी प्रबोधिनीच्या परीक्षेला बसवतो, पास झाला की शिक्षण पुरं होऊन कमिशन मिळेल. मीही बरोबर होते.

सुलोचनानं टोपली खाली ठेवली. "कमिशन? मास्तर, तां तर दलाल घेतत. आमच्या रगताचां पाणी करून तेंच्या घरावर माडये चढले. माझ्या झिलाक त्या धंद्यात घालू नकात हां."

सर भडकले, पण मालवणीत भडकले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजे लोक तेका सलाम मारतले?"

"मारतले."

"दलालसुद्धा?"

"दलालाचो बापूससुद्धा."

"मगे जावंदे," ती म्हणाली.

जयवंत लेखी परीक्षा पास झाला. आमच्या शाळेत असं कधी झालं नव्हतं. सरांनी त्याला स्वतःचे बूट दिले, ते एका नंबरनं मोठे होते, पुढं कापूस भरला. बोर्ड दूर उत्तरेकडे होतं. पोरगा गेला, आणि परत आला तेव्हा मालवणच्या स्टँडवर अर्धा वाडा जमला होता. गाडीच्या पायरीवरून तो उतरला त्यावरूनच सगळ्यांना कळलं.

आणि मग सुरू झाली ती समजूत. तिचा मला अजून संताप येतो. "बरां झालां रे, एकटोच झील तू आवशीचो, देवान वाचयलां." "फौजेत काय ठेवलां, दुबयेक जा." "आपल्या लोकांचां काम न्हय तां." कुणी दुष्टपणानं बोलत नव्हतं. पण त्या पोराला काय हवं होतं हे कुणी एकदाही विचारलं नाही. ते मिळालं नाही याचा मात्र सगळ्यांना सुटल्यासारखा आनंद झाला होता. आपल्यातला कुणी वर गेला नाही की आपणही जागच्या जागी बरे राहतो. सरांनी गर्दीत शिरून त्याचा दंड धरला. "व्हा बाजूक! मयताक इलास काय?" आणि त्याला थेट शाळेत घेऊन आले. मी ग्रंथालयाच्या खोलीत पुस्तकांना पुठ्ठे घालत होते. ते दोघे तिथंच येऊन बसले. मी उठू लागले तर सर म्हणाले, "बसा बाई. साक्षीदार व्हयो."

मग त्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून सांगायला लावलं. जयवंत सांगत गेला. तिथल्या लेखी चाचण्या झाल्या, मुलाखत बरी झाली. मग मैदानावर आठ-दहा जणांचा गट केला. फळ्या, पिंप आणि दोर दिले, आणि आखलेली जागा जमिनीला पाय न लावता सगळ्यांनी मिळून पार करायची होती.

"तू खंय उभो रवलंस?"

"शेवटाक."

"शेवटाक? कित्याक?"

"दोर थंय होतो. कोणीतरी तो वळूक व्हयो मां. नायतर गुंतता."

"आणि बाकीचे?"

"ते बोलत होते. सगळे एकदम. एक म्हणता फळी हंय टाक, दुसरो म्हणता थंय टाक."

"तुका दिसत होतां काय करूक व्हयां तां?"

"दिसत होतां."

"आणि तू काय बोललंस?"

"कायच नाय."

"कायच नाय? तोंडात मासो धरललंस?"

जयवंतनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "रांगेत तोंड बंद," तो म्हणाला. "तुमीच सांगलास, सर."

त्यात टोमणा नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं, आणि म्हणूनच ते सहन करण्यासारखं नव्हतं.  सर उठून बाहेर गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. ज्या गडग्यातून फुरसं निघालं होतं, त्याच्यासमोर जाऊन त्यांनी त्या चिऱ्यांना लाथ घातली.

माझी खोली किनाऱ्याला लागून होती. त्या रविवारी सकाळी सर रापणीवर आलेले मी पाहिले. मसुऱ्याचा माणूस, खाडीकाठचा. रापणीचा दोर त्यांनी जन्मात धरला नव्हता. धोतर वर खोचून ते सरळ गेले आणि उजव्या दोराच्या शेवटाला, जिथं ओढून झालेला दोर वळून ठेवतात, तिथं बसले. आबा त्यांच्या अंगावर धावून आले.

"मास्तरानू, उठा थंयसून. ती जागा तुमची न्हय."

"दोर वळूक मोठी अक्कल लागता काय?"

"लागता. म्हणान तर मी बसतंय. जाळां खंय फातरार अडाकलां तर पयलां हंय हाताक कळता. पुढे वडतत ते नुसते वडतत."

"मगे तेंका सांगतास कसां? ओरडतास?"

"ओरडतलंय कित्याक? दोराक झटको देतंय, ते थांबतत. आमच्यात शेवटाचो माणूस बोलना नाय. उठा आता."

सर उठले आणि तसेच ओल्या धोतरानं माझ्या दारात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "बाई, तो पोरगो तांडेलाच्या जागेर उभो रवललो," ते म्हणाले. "तेच्या घरात जो सगळ्यात मोठो, तो थंय बसता. आणि त्या टेबलामागच्या शहाण्यांका वाटलां, शेपटाक लपलो." मग ते समुद्राकडे वळले. "बोर्डाक शिवी घालूची तर अर्धी माका लागता. दोर तेच्या आजान तेच्या हातात दिलो. तोंड मी शिवलंय."

पुढं काय करायचं हा प्रश्न होता. पुन्हा त्याच परीक्षेला बसायला वय उरलं नव्हतं. खवणेकरांच्या ओट्यावर बैठक बसली. जयवंतचा काका नारायण ओरोसच्या नव्या जिल्हा कचेरीत शिपाई होता, तो खास रजा काढून आला होता. "साहेबांशी बोललंय," तो म्हणाला. "लेफ्टनंट नाय तर नाय. कलेक्टरच्या हापिसात पंख्याखाली तरी बसात. जिल्हो नवीन आसा, जागा भरतत. मागसून बोंबलान उपयोग नाय."

"अजून रस्ते आहेत," सर म्हणाले. मुद्दाम प्रमाण मराठीत, कारण समोर सरकारी माणूस होता. "इथल्या कॉलेजात पदवी घे. पदवीनंतर दुसरी परीक्षा असते, पुन्हा तेच बोर्ड. किंवा कॉलेजात एन.सी.सी. कर, वरचं सर्टिफिकेट मिळव, मग लेखी परीक्षेशिवाय थेट बोर्डासमोर जाता येतं. तीन वर्षं जातील. जाऊ देत."

"तीन वर्सां हंय?" जयवंत म्हणाला. "रोज बाजारात 'काय रे लेफ्टनंट' आयकत?" मग तो आजाकडे बघून म्हणाला, "कोल्हापुराक भरती आसा. मी जवान म्हणान जातंय. आतल्या जवानांकाय परीक्षा देवूक गावता. पास झालो तर बोर्ड, आणि मगे कॅडेट कॉलेज."

सर ओट्यावरून उठलेच. "शिपाई? मी तुका ह्याच्यासाठी शिकयलंय? सलाम मारूक?"

"पयलो सलाम तुमकाच मारलंय, सर," जयवंत म्हणाला. "माका कमी वाटलां नाय."

 नारायणाला हसू आलं ते त्यानं खोकल्यात दडवलं. सुलोचनानं चहा आणला होता, तो न घेता सर निघून गेले. वाटेत ते एकाएकी थांबले आणि मला म्हणाले, "माझा मामा फौजेत हवालदार होता. दुसऱ्यांदा नापास होऊन आलो तेव्हा घरी न्यायला आला होता. म्हणाला, भरती हो, आतून वर ये. मी म्हटलं, मला सलाम घ्यायला जायचं होतं, मारायला नाही. मामा उठून गेला, परत आमच्याकडे जेवला नाही." मग ते पुन्हा चालू लागले. "तेव्हापासून मी मुलांना सलाम मारायला शिकवतोय," ते म्हणाले. हे सगळं प्रमाण मराठीत. त्या दिवसापुरता राग संपला होता बहुतेक, आणि त्याखाली जे होतं ते मला बघवेना.

जयवंत कोल्हापूरच्या गाडीत बसला तेव्हा सर स्टँडवर आले नाहीत. शाळेत परेड घेत होते. पण त्या परेडमध्ये त्यांनी पहिल्या रांगेला एक प्रश्न विचारला.

"समजा, माझ्या पायाशी फुरसं आलं. काय कराल?"

"गप रवतलंव, सर!" सगळी रांग एका आवाजात.

"गाढवानू!" सर किंचाळले. "बोंबला! माका वाचवा! तोंड देवान कित्याक दिलां?"

मुलं गोंधळली. पुढं कित्येक महिने आमच्या शाळेत फुरशाची परेड चालली. सर मध्येच कुणाच्याही पायाकडे बोट दाखवायचे आणि सगळ्यात मागच्या मुलानं सर्वात आधी ओरडायचं. मागचा मुलगा गप्प राहिला तर शिक्षा पुढच्यांना. तपासणीच्या साहेबांनी लेखी हरकत घेतली. सरांनी त्यांच्यासमोरच मुलांना पुन्हा ओरडायला लावलं.

जयवंत दरवर्षी रजेवर येई. सर त्याला भेटत नसत, पण तो आला की माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन विचारत, "इलो काय तो? जाड झालो की बारीक?" अनेक वर्षं असंच गेलं. मधल्या काळात आबा गेले. आणि मग एका हिवाळ्यात जयवंत रजेवर आला तो आधी घरी न जाता पिशवी घेऊन थेट शाळेत. सर मधल्या सुट्टीत फळा पुसत होते.

"सर, परत बोर्डाक गेललंय."

सर फळा पुसत राहिले. "आणि?"

"शेवटाकच उभो रवलंय."

डस्टर खाली पडलं. सरांची मान लाल झाली, मी पाहिलं. "परत? मेल्या, परत थंयच?"

"हय. पण बोललंय. मागसून, सगळ्यांका आयकाक येयत असां."

"मगे?"

"माझो नंबर बोलावल्यानी."

कुणाला वाटेल की सरांनी त्याला मिठी मारली असेल. सरांनी त्याला तिथं, उभ्या उभ्या, बोर्डावरून झापायला सुरुवात केली. ह्याच जागेवर उभा होतास तेव्हा यांना दिसला नाहीस, आता दिसलास काय. इतकी वर्षं यांनी तुझी खाल्ली ती कोण परत देणार. आणि अजून कॅडेट कॉलेज व्हायचं, मग त्यापुढची प्रबोधिनी व्हायची, तोवर मी जिवंत राहीन याची हमी यांचा कुठला साहेब देणार. आवाज ऐकून सगळी शाळा दाराशी गोळा झाली. जयवंत ताठ उभा राहून ऐकत होता. संध्याकाळी सुलोचना मला बाजारात म्हणाली, "मास्तरांका इचारा गो बाई, आता तरी कमिशन किती टक्के तां सांगा म्हणान." आणि पदराआड हसली. मी ते सरांना सांगितलं, तरी ते चिडले नाहीत. तेवढी एकटीच होती जिला त्यांनी तो विनोद माफ केला.

जयवंत परत जायच्या आदल्या सकाळी रापण लागली होती. आबांच्या जागी एक चुलता बसायचा. जयवंतनं त्याला काहीतरी सांगितलं, चुलता उठला, आणि जयवंतनं सरांना हाताला धरून तिथं बसवलं. स्वतः तो रांगेत सगळ्यात पुढं, पाण्याजवळ गेला. सर दोर वळू लागले. फार वाईट वळत होते. शोकसभेतला पहिला वक्ता त्या दिवशी मासे घ्यायला आला होता आणि लांबून बघत उभा होता. त्याला वाळूत बसलेला एक म्हातारा दिसला असणार, गप्प, मान खाली घातलेला. "शांत" त्यानं तिथून उचललं असावं.

मी जवळ होते. सरांचे ओठ हलत होते. दोराच्या प्रत्येक वेढ्याला ते एक शिवी घालत होते, हलक्या आवाजात, मालवणीत. एक बोर्डाला, एक स्टँडवरच्या गर्दीला, एक स्वतःला. मग दोर त्यांच्या हातात थरथरला आणि घट्ट झाला. सरांनी मान वर केली. झटका द्यायचा असतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो दिला नाही.

"थांबा रे!" ते ओरडले. "अडाकलां!"

पाण्याजवळ जयवंतनं मागं न बघता हात वर केला, आणि दोन्ही रांगा थांबल्या.